एकहाती मंडळी चालवणारा प्रामाणिक माणूस: पुन्हा निवडावा का?

झुआरीकाठ

सर्वांना सलाम.

प्रश्न आमच्या मंडळीचा आहे, पण उत्तर कोणीही द्या. ख्रिस्तीच असायला हवं असं नाही.

मी मूळचा नगरचा. नोकरीला वास्कोत आलो आणि इथलाच झालो. मराठीतून उपासना करणारी आमची लहानशी मंडळी आहे, तीस-पस्तीस घरं. कोणी बंदरात, कोणी रेल्वेत, कोणी वेर्ण्याच्या कारखान्यांत. नगर, सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव अशी सरमिसळ. स्वतःचं चर्च नाही, रविवारी एका शाळेचा हॉल भाड्याने घेतो. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा बाहेरून येतात. एरवीचा कारभार पंचांकडे.

आता नवे पंच निवडायचे आहेत. कितीतरी वर्षं चिटणीस आणि खजिनदार एकच गृहस्थ आहेत, त्यांना इथे काका म्हणतो. हॉलची किल्ली काकांकडे, चेकबुक काकांकडे, सभासदांची वही काकांकडे. दफनाची परवानगी काढायची तर काका, नाताळच्या केकची ऑर्डर द्यायची तरी काका. पैशाला इतके चोख की मंडळीच्या कामाला गेले तरी बसभाडं खिशातून घालतात. रात्री दोन वाजता कोणाला हॉस्पिटलात न्यायचं झालं तर पहिला फोन त्यांना जातो, आणि ते येतात.

अडचण एवढीच की त्यांच्याशिवाय कोणाला काहीच माहीत नाही. मागे ते गावी अडकले तेव्हा आम्ही हॉलच्या व्हरांड्यात उभं राहून उपासना केली. चाळिशी उलटलेली माणसंही सभेत "काका म्हणतील तसं" एवढंच बोलतात. पोरं काही सुचवतात तेव्हा काका "बघू" म्हणतात, आणि ते बघणं कधी होत नाही.

निवडीआधी १ तीमथ्य ३ (बायबलमधल्या पौलाच्या पत्राचा अध्याय, पुढारी कसा असावा ते सांगणारा) वाचायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यातल्या प्रत्येक कसोटीला काका उतरतात. तरी माझ्या मनात खुटखुट आहे. देवभीरू पुढारी म्हणजे नेमका कसा असायला हवा?

पोदेराची_सायकल

किल्लीची डुप्लिकेट काढा. पुढचा धागा.

नगरी_मिरची

भाऊ, तुमचं म्हणणं कळलं, पण मला काकांचीच बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या गावाकडच्या मंडळीत पंच व्हायला रांग लागते आणि काम करायला कोणी नसतं. निवडणुकीत दोन गट, गटात दोन भावकी, आणि एकदा निवडून आले की नाताळच्या दिवशी पहिल्या बाकावर कोण बसणार यावरून रुसवे. तुम्हाला फुकटात रात्री दोनला येणारा माणूस मिळालाय. लोक "काका म्हणतील तसं" म्हणतात यात काकांचा दोष किती आणि लोकांच्या आळसाचा किती, तेही बघा.

रोखठोक

मिरचीताई, दोन्हींचा. आळशी लोक आणि कामसू पुढारी यांची जोडी फार सुखाने नांदते. कोणालाच तक्रार नसते.

सासष्टीकर

मी कॅथलिक, मडगावचा. आमच्याकडची रीत सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल.

आमच्या प्रत्येक इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, फाब्रिका (कारभार समिती) असते. पाद विगार (चर्चचे मुख्य पाद्री) अध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत गावातले लोक: कारभाराला प्रोकुरादोर, पैशाला तेझरेर, लिहायला एस्क्रिव्हांव. मुदत संपली की माणसं बदलतात. विगारसुद्धा ठराविक वर्षांनी बदलून जातात. लोकांना कितीही आवडले तरी जातात. निरोपाच्या दिवशी बायका रडतात, पुढच्या आठवड्यात नवीन विगाराच्या प्रवचनाला नावं ठेवायला सुरुवात होते. बिशपनेही पंचाहत्तरी झाली की पोपकडे राजीनामा सादर करायचा असतो.

१९८३ च्या चर्च-कायद्यानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये (इगर्जेच्या हद्दीत) अर्थसमिती असलीच पाहिजे, तिथे विगाराच्या मर्जीचा प्रश्न नाही. पाळकीय मंडळाचं मत मात्र सल्ल्यापुरतंच, निर्णय विगाराचा. म्हणून आमचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. विगार ऐकणारे असले तर मंडळ जिवंत राहतं, नसले तर चहा-बिस्किटापुरतं. आणि कोंफ्रारींचं (इगर्जेतल्या बंधुसंघांचं) तर विचारूच नका. काही गावांत ठराविक घराण्यांचाच हक्क चालत आला, त्यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली. येशूच्या मिरवणुकीत कोणी कुठे उभं राहायचं यावर वाद!

पण पैशाच्या बाबतीत जुने लोक हुशार होते. जुन्या गोव्यात सां फ्रांसिस झेवियरची चांदीची शवपेटी आहे ना, सतराव्या शतकातली, तिला तीन कुलपं होती आणि किल्ल्या तिघा वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. त्यातला एक साक्षात व्हाइसरॉय. व्हाइसरॉयवर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. एकट्यावर कोणाचीच भिस्त ठेवायची नाही, म्हणून.

कुंडईकर

आम्हा हिंदूंच्या देवळांतही हेच. महाजनांची (देवळाच्या मूळ घराण्यांची) समिती, त्यात अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार, चिटणीस. दर तीन वर्षांनी निवडणूक. पोर्तुगीज अमदानीतला महाजनी कायदा अजून चालतो. आमच्याकडेही "अमुक भाऊंशिवाय जत्रा होणार नाही" असे एक भाऊ असतात. भाऊ वारले, जत्रा झाली. पालखी थोडी उशिरा निघाली इतकंच.

निवृत्त_मास्तर

झुआरीकाठ, तुमच्या खुटखुटीचं कारण त्याच पत्रांत आहे. फक्त तुम्ही पहिल्या पत्रावर थांबलात.

१ तीमथ्य ३ नीट वाचा. निर्दोष, नेमस्त, स्वस्थचित्त, सभ्य, अतिथिप्रिय, दारूच्या आहारी न गेलेला, मारका नसलेला, भांडखोर नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा, नवशिका नसलेला. या सगळ्या यादीत कौशल्य म्हणावं असं एकच आहे: शिकवता आलं पाहिजे. बाकी सगळं माणूस घरात आणि बाजारात कसा वागतो याचं वर्णन. वक्तृत्व नाही, गळा नाही, डिग्री नाही, देणगीची रक्कम तर नाहीच. आजकाल आपण निवड करताना नेमकं याच्या उलट क्रमाने बघतो. आणि यादीतलं शेवटचं कलम बहुतेक मंडळ्या वाचून सोडून देतात: बाहेरच्या लोकांनी त्याच्याबद्दल चांगली साक्ष दिली पाहिजे. म्हणजे तुमच्या हॉलच्या वॉचमनला विचारायचं, ज्या वाण्याकडे त्याची उधारी आहे त्याला विचारायचं, त्याच्या हाताखालच्या कामगाराला विचारायचं. पौलाला मंडळीबाहेरचं मत हवं होतं, हे मला नेहमी विलक्षण वाटतं.

पण हे पदाच्या उंबरठ्यावरचं आहे. कोणाला आत घ्यायचं ते यातून कळतं. आत आल्यावर त्याने करायचं काय, ते दुसऱ्या पत्रात आहे, २ तीमथ्य २:२. माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांच्या हाती सोपव, अशी माणसं की जी पुढे इतरांना शिकवतील. मोजा: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ते इतर. एका वाक्यात चार पिढ्या. तुमचे काका पहिल्या पत्रात पास, दुसऱ्यात बसलेलेच नाहीत.

पोदेराची_सायकल

मास्तरांनी काकांना एटीकेटी दिली.

सांकवाळकर

सासष्टीकर, फाब्रिका वगैरे ठीक, पण गोव्यात बसून या विषयावर बोलताना सां जुझे वाझ यांचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

जन्म बाणावलीचा, १६५१. घराणं आमच्या सांकवाळचं. सिलोनात डचांनी पोर्तुगीजांना हुसकावल्यावर तिथल्या कॅथलिकांना वर्षानुवर्षं पाद्रीच नव्हता. वाझ १६८७ मध्ये मजुराच्या वेशात जाफन्याला उतरले. (झुआरीकाठ, वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांना लपूनछपून फिरायला लावणारे डच तुमच्या बाजूचे, प्रोटेस्टंट.) तामिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीच्या राजाने पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं, नंतर त्याच राजाने मोकळीक दिली. १६९७ मध्ये देवीची साथ आली तेव्हा लोक रोग्यांना रानात सोडून पळत होते आणि हे त्यांची शुश्रूषा करत होते, धर्म न विचारता.

तुमच्या प्रश्नाशी जुळणारा भाग वेगळाच आहे आणि तो प्रवचनांत कमी येतो. एवढ्या मोठ्या बेटावर बरीच वर्षं ते एकटेच पाद्री होते. एकहाती कारभार करायला यापेक्षा चांगलं निमित्त कोणाला मिळणार! तरी त्यांनी गावोगाव साध्या भाविकांतून मूप्पू आणि अण्णावी उभे केले. प्रार्थना चालवायची, मुलांना धर्मशिक्षण द्यायचं, मरणाऱ्याजवळ बसायचं, हे सगळं या लोकांनी करायचं. वाझ वर्षातून कधीतरी फिरत यायचे. गोव्याहून इतर पाद्री मागवून घेतले. पोपच्या दूताच्या मनात त्यांना तिथले विकार अपोस्तोलिक (पोपच्या वतीने कारभार बघणारे प्रमुख) करायचं आलं तेव्हा नको म्हणाले. १७११ मध्ये १६ जानेवारीला कँडीत वारले आणि काम थांबलं नाही. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत जाऊन त्यांना संत घोषित केलं ते उगीच नाही.

झुआरीकाठ

सांकवाळकर, डचांच्या वतीने माफी. :) मूप्पू-अण्णावीची गोष्ट मला नवीन होती. आमच्याकडे पाळकसाहेब दोनदाच येतात म्हणून सगळे रडतात, आणि हे वर्षातून एकदा!

रोखठोक

संतांचा आदर ठेवून दोन गोष्टी.

एक. ज्या ऑरेटरीत (गोव्यातल्या पाद्र्यांच्या संघात) वाझ होते तिथे फक्त ब्राह्मण ख्रिस्ती पाद्र्यांना प्रवेश होता. दुसऱ्या जातीच्या पाद्र्यांनी वेगळी वाट धरली. संत होणं एका बाजूला, पण संस्था उभी करताना दार कोणासाठी उघडं ठेवलं तेही नेतृत्वातच मोजायला हवं.

दोन. "पद नाकारलं म्हणजे थोर" हे मला पटत नाही. गोव्याचा इतिहास बघा. दिवाडचे मातेउश द कास्त्रो. इथल्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला, तेव्हा माणूस रोमला गेला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परत आला. लॅटिन पंथातला पहिला भारतीय बिशप. पोर्तुगीजांनी मानलंच नाही. शेवटी आदिलशाही मुलखात, डिचोलीला तळ टाकावा लागला. भांडखोर होता, हट्टी होता, त्याचंही जातीपासून सुटलेलं नव्हतं. पण त्याने "नको, मी नम्र आहे" म्हटलं असतं तर खुर्ची गोऱ्यांकडेच राहिली असती. दीडशे वर्षांनी, १७८७ मध्ये, कांदोळीच्या पिंतोंच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या कटात पाद्री सामील झाले तेही याच कारणाने: लायकी असून वरच्या जागा मिळत नव्हत्या. नम्रतेचं प्रवचन बहुतेक वेळा खुर्चीत बसलेला माणूस उभ्या असलेल्याला देतो.

सांकवाळकर

जातीचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. ऑरेटरी तशीच होती. पण सिलोनात त्यांनी ज्यांना उभं केलं ते कोळी होते, शेतकरी होते. माणूस आपल्या संस्थेच्या पुढे गेला असं मी म्हणेन.

रोखठोक

मान्य. अर्धं.

मांडवीपार

१६ जानेवारी! म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या जनमत कौलाचा दिवस, १९६७. वाझ यांचं फेस्त आणि अस्मिताय दीस एकाच तारखेला. ख्रिस्ती नेतृत्व म्हणता तर विलीनीकरणाविरुद्ध लढणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांना सोडून कसं चालेल?

कुंडईकर

आता हा धागा मराठी-कोंकणीवर जाणार. मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

डिचोलीवाला

जाऊ दे ना. गोव्यात मराठीतून ख्रिस्ती उपासना म्हणजे आजची टूम नाही. फादर स्टीफन्सनी सासष्टीतल्या रायतूरला बसून 'क्रिस्तपुराणा'च्या ओव्या लिहिल्या त्या मराठीतच, १६१६ ला छापल्या. आणि आज मराठी ख्रिस्ती म्हटलं की लोक विचारतात "हे कुठून आले?"

मांडवीपार

ती मराठी का कोंकणी यावर

संचालक

इथेच थांबा. यावर आधीच सहा धागे आहेत, त्यातले चार कुलूपबंद. विषय पुढाऱ्याच्या गुणांचा आहे.

सालसेतची_सून

मी माहेरची सांगलीची, सासर बाणावलीला. वरचं सगळं वाचलं. वाझ, कास्त्रो, पिंतो, काका, भाऊ, मुखत्यार. एकाही प्रतिसादात बाई नाही. तुमच्या तीस-पस्तीस घरांत बायका नाहीत का?

निवृत्त_मास्तर

ताई, मुद्दा योग्य. पण पौल त्याच पत्रात बायकांनी शिकवू नये असंही म्हणतो, हे बाजूला कसं ठेवायचं?

सालसेतची_सून

मास्तर, तोच पौल रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात फीबीची शिफारस करतो, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, माझ्यासकट पुष्कळांना आधार देणारी म्हणून. लगेच पुढे प्रिस्कचं नाव, आणि तेही नवऱ्याच्या आधी. त्याचं एक वाक्य घ्यायचं आणि त्याची माणसं विसरायची?

आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्त्यांना पंडिता रमाबाई सांगायला लागाव्यात? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावला आणल्या. मुक्तिसदनात त्या मुलींना छपाई, विणकाम, शेती शिकवली. बायबलचं मराठी भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलं, आणि छापलं त्या मुलींनी. त्यात मला पुढारीपण दिसतं ते असं की आश्रितांना आश्रित ठेवलं नाही. आमच्या इगर्जेत पवित्र गुरुवारी पाय धुताना पूर्वी बारा पुरुषच बसायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये तुरुंगातल्या मुलामुलींचे पाय धुतले आणि २०१६ मध्ये नियमच बदलला. आता आमच्याकडे बायकाही बसतात. माझ्या सासूबाई बसल्या होत्या, आदल्या दिवशी पार्लरला जाऊन आल्या.

पोदेराची_सायकल

पाय धुवायला जायच्या आधी पाय धुऊन जायचे. कमाल आहे.

सालसेतची_सून

तुम्ही जाता तेव्हा न धुता जाता का?

नगरी_मिरची

:D

रमाबाईंवरून टिळक आठवले. रेव्हरंड ना. वा. टिळक. मिशनची नोकरी १९१७ मध्ये सोडली आणि "देवाचा दरबार" काढला. मिशनच्या पगाराशिवाय, आपल्या मातीतलं ख्रिस्तीपण उभं राहावं म्हणून. दोन वर्षांत वारले आणि दरबार फार टिकला नाही. म्हणजे मोठ्या माणसांनाही मागे माणसं सोडून जायला जमतंच असं नाही. काकांना एवढं तासू नका.

बार्देशी

मी जरा वेगळा अनुभव लिहितो. आमच्या भागात एक प्रार्थनासभा सुरू झाली होती, स्वतंत्र, कोणत्याही मोठ्या चर्चशी न जोडलेली. बोलणारा पाळक अफाट. लोक रडायचे. माझी बहीण जायची. दशांश (कमाईचा दहावा भाग) एका खात्यात जमा करायचे आणि ते खातं पाळकाच्या स्वतःच्या नावावर. कोणी विचारलं तर उत्तर यायचं, "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका." पुढे काय झालं ते सांगत नाही, अंदाज येईल. बहीण आता कुठेच जात नाही, मला तेच जास्त लागतं.

त्या "अभिषिक्ता"च्या वाक्याबद्दल मात्र बोलायचं आहे. दावीद राजा अभिषिक्त होता. नाथान संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर "तो माणूस तूच" म्हणून सांगितलं. दावीदाने नाथानाला हाकललं नाही. पेत्र तर मंडळीचा खांब, पण अंत्युखियात पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. शमुवेल म्हातारा झाल्यावर सगळ्या इस्राएलासमोर उभा राहून म्हणतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, सांगा, परत देतो. ऑडिट स्वतःहून मागितलं. नहेम्या बारा वर्षं सुभेदार होता आणि सुभेदाराचा भत्ता खाल्ला नाही. माझ्या लेखी गुण एकच: त्याला प्रश्न विचारता येतो का? बाकी प्रार्थना वगैरे सगळे करतात.

निवृत्त_मास्तर

बार्देशी, उत्तम. यात २ करिंथ ८ची भर घालतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पाठवताना पौल मंडळ्यांनी नेमलेला माणूस सोबत घेतो आणि कारणही लिहितो: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आमच्यावर बोट ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीनेच नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही बघतो. पौलाच्या प्रामाणिकपणावर कोणाला शंका होती? तरी सोबत माणूस घेतलाच. झुआरीकाठ, काकांना हे वाचून दाखवा. त्यांच्यावर आरोप न करता दुसरी सही आणता येईल.

पणजीची_एचआर

आमच्या कंपनीत "सर्व्हंट लीडरशिप"चं प्रशिक्षण असतं. १९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसाने हा शब्द चालवला, टेलिफोन कंपनीत आयुष्य गेलेला. स्लाइडवर येशू पाय धुताना. त्याच आठवड्यात चाळीस जणांना काढलं. असो.

कामाचं सांगते. एखादा माणूस सुट्टीवर गेल्यावर काम अडतं, तर त्याला आमच्याकडे सक्तीने सुट्टी देतात. बँकांतही असते अशी पद्धत. फसवणूक पकडणं हा एक हेतू, पण त्या सुट्टीत बाकीचे शिकतात हा दुसरा. काकांना पद सोडायला सांगू नका, एक महिना गावी पाठवा. किल्ली ठेवून.

झुआरीकाठ

सगळ्यांचे आभार. सुचेल तसं लिहितो.

मास्तरांचं २ तीमथ्य आणि सांकवाळकरांचे मूप्पू यामुळे माझी खुटखुट कशाची होती ते कळलं. पण सांगायचं कसं? वयाने वडील, माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धावपळ केलेली, माझी आई वारली तेव्हा कबरीची जागा मिळवून देणारे. त्यांच्यासमोर उभं राहून "तुम्ही माणसं तयार केली नाहीत" म्हणायला जीभ रेटत नाही. मोशेला सांगायला निदान सासरा होता.

कुंडईकर

सासऱ्याचं काय?

झुआरीकाठ

निर्गम १८. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे निवाडे करत बसायचा. सासरा इथ्रो भेटायला आला, बघितलं आणि म्हणाला, तू करतोस हे बरं नाही, तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेने ऐकलं.

कुंडईकर

जावयाने सासऱ्याचं ऐकलं? हा खरा चमत्कार.

निवृत्त_मास्तर

इथ्रोपेक्षा मला गणना ११ आवडतं. सत्तर वडील नेमले, त्यातले एल्दाद आणि मेदाद हे दोघे ठरलेल्या जागी आलेच नाहीत, छावणीतच राहिले आणि तिथेच संदेश देऊ लागले. एक तरुण धावत येऊन सांगू लागला, तेव्हा यहोशवा म्हणाला, "स्वामी, यांना बंद करा." मोशे म्हणाला, तुला माझ्यासाठी हेवा वाटतो का? परमेश्वराचे सगळेच लोक संदेष्टे असते तर किती बरं! पोरं न विचारता काही करतात तेव्हा पुढाऱ्याच्या तोंडून काय निघतं, तिथे त्याची पारख होते. "बघू" हे यहोशवाचं उत्तर आहे.

सांगायचं कसं म्हणाल तर सभेत नको. घरी जा. बायकोला घेऊन जा. आधी त्यांनी केलेल्या एक-दोन गोष्टी नावानिशी आठवा, आणि मग वाटाघाटी न करता मागा: "काका, मला बँकेचं काम शिकवा." मागणी शिकण्याची असली की देणाऱ्याचा मान राहतो.

रोखठोक

आणि शिकवलं नाही तर?

निवृत्त_मास्तर

तर सभेत. मत्तय १८चा क्रम आहेच: आधी एकांतात, मग एक-दोघांना सोबत घेऊन, मग मंडळीसमोर.

झुआरीकाठ

(तीन आठवड्यांनी)

झालेलं सांगतो, सगळं मनासारखं नाही.

मास्तरांच्या सल्ल्याने काकांच्या घरी गेलो. "बँकेचं शिकवा" म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्याकडून काही कमीजास्त झालं का?" नाही म्हटलं. चहा झाला. जाताना काकूंनी दारात सांगितलं की यांचं बीपी वाढलंय, डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितली आहे, पण घरात ऐकत नाहीत. हे मंडळीत कोणालाच माहीत नव्हतं. रात्री दोन वाजता आम्ही ज्याला फोन करतो तो माणूस स्वतः आजारी आहे हे आम्हाला ठाऊक नाही. मिरचीताई, आळसाचा हिशेब तुम्ही बरोबर मांडला होता.

सभेत ठराव झाले ते असे. चिटणीस आणि खजिनदार एकच व्यक्ती नको. खात्यावर दोन सह्या. कोणीही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त एका पदावर नको. खजिनदार म्हणून एका नर्सताईंची निवड झाली, त्या बंदराजवळच्या दवाखान्यात आहेत. दोन ज्येष्ठांनी नाराजी दाखवली, एकाने १ तीमथ्य २ वाचलंच. पाळकसाहेबांनी रोमकरांस १६ वाचून दाखवलं आणि मत घेतलं. (सालसेतची_सून, तुमचं नाव न घेता तुमचा मुद्दा वापरला.)

चिटणीसपदाला मात्र कोणी उभंच राहिलं नाही. ज्या पोरांना "बघू" ऐकून राग यायचा त्यांतल्या एकानेही हात वर केला नाही. शिफ्ट आहे, क्लास आहे, लग्न ठरतंय. शेवटी काकाच एक वर्ष चिटणीस, आणि सोबत दोन सहचिटणीस नेमले. नेमले म्हणजे पाळकसाहेबांनी नावं घेतली आणि त्यांना नाही म्हणता आलं नाही.

नगरी_मिरची

काकांना काय वाटलं?

झुआरीकाठ

कळत नाही. सभेनंतर खुर्च्या उचलताना सहचिटणीस पोरांना ओरडत होते, "अरे तशा नाही, दहा-दहाच्या थप्प्या लावा."

रोखठोक

एक वर्षाचं एक्स्टेन्शन म्हणजे पुढची पंधरा वर्षं. इतिवृत्तात तारीख लिहा.

झुआरीकाठ

लिहिली आहे. इतिवृत्त काकांनीच लिहिलं, तारीख मात्र मी समोर बसून घालून घेतली.

पणजीची_एचआर

बँकेत सही बदलायला ठरावाची प्रत लागेल, अध्यक्षाची सही आणि शिक्का. जुन्या सहीदाराला सोबत न्या, नाहीतर तीन चकरा होतील. नर्सताईंचं आधार आणि पॅनवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. लग्नाआधीचं नाव असलं की तिथेच अडतं.

झुआरीकाठ

अडलंच. पॅनवर माहेरचं आडनाव आहे. सोमवारी काका त्यांना घेऊन जाणार आहेत.